सोळा स्वप्नांची भिंत

चंदनबालाकाकूंना पाटलांच्या घरात काही कमी नव्हतं. असं त्यांचे दीर भूपालअण्णा सांगायचे, जाऊ गुणमाला सांगायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकाही सांगायच्या. दोन वेळचं जेवण सूर्य मावळायच्या आत, वर्षाला दोन पांढरी लुगडी, झोपायला माजघराशेजारची खोली. कोंडून ठेवलेल्या माणसाला काही कमी पडू द्यायचं नाही, ही रीत आपल्याकडे फार कसोशीने पाळतात.

नवरा बाबगोंडा पटकीने गेला तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या. पदरी मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून तेवीस वर्षं त्यांचं जग म्हणजे माजघर, परसातला आड आणि गल्लीपलीकडची बस्ती. जैन देवळाला आमच्या सांगलीकडे बस्ती म्हणतात. सकाळी दर्शनाला जायचं आणि खाली मान घालून परत यायचं. लग्नाला जायचं नाही, बारशाला जायचं नाही. सांगली चार कोसांवर, पण तिथला बाजारही त्यांनी तेवीस वर्षांत पाहिला नव्हता. कुणी त्यांना "जाऊ नका" असं तोंडाने म्हटलं नव्हतं, हे मात्र खरं. म्हणावं लागलंच नाही.

शेहेचाळीस सालच्या दिवाळीला भूपालअण्णांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. अण्णा बस्तीचे पंच. कुठल्याशा गावच्या देवळात त्यांनी फुटक्या चिनी मातीच्या कपच्या बसवून केलेली नक्षी पाहिली होती. आपल्या बस्तीच्या मंडपातही तशीच भिंत हवी, असं त्यांनी ठरवलं. आणि नुसत्या वेली-फुलांची नको, तीर्थंकरांच्या मातेला पडलेल्या सोळा स्वप्नांची हवी. हत्ती, बैल, सिंह, चंद्र, सूर्य, मासे, कलश, अशी सोळाच्या सोळा. पुढच्या अक्षय्य तृतीयेला, आदिनाथांच्या उसाच्या रसाच्या पारण्यादिवशी, भिंत खुली करायची.

त्यासाठी इस्लामपुराहून नाथाजी गवंडी आणला. कपच्यांचीही सोय झाली. साताऱ्याचे लालासाहेब म्हणून एक पेन्शनर हवालदार होते. फौजेत त्यांचं सगळं आयुष्य साहेबांच्या मेसमध्ये गेलेलं. महाबळेश्वरच्या बंगल्यांमधले गोरे साहेब तेव्हा गाशा गुंडाळायला लागले होते, आणि त्यांच्या फुटक्या-तुटक्या कपबशा हवालदार पोत्यांनी गोळा करत होते. त्यातली दोन पोती मोटारीने सांगलीला आणि तिथून बैलगाडीने पाटलांच्या परसात येऊन पडली.

आता प्रश्न आला शुद्धतेचा. साहेबांनी त्या कपांतून काय काय प्यायलं असेल, देव जाणे. बस्तीचे उपाध्ये सोवळ्याचे, पण त्यांनी तोड काढली. "चिनी माती म्हंजे शेवटी मातीच. गाळलेल्या पाण्यानं तीनदा धुवा, उष्टं ऱ्हातंय कुठलं?" पंचांनी माना डोलावल्या. हे धुण्याचं काम कुणाला द्यायचं, याचा विचारही करावा लागला नाही. रिकामे हात घरात एकाच माणसाचे होते.

तर काकू परसात बसून कपच्या धुवायला लागल्या. आडाचं पाणी काढायचं, दुहेरी फडक्यातून गाळायचं, एकेक तुकडा तीनदा बुचकळायचा आणि गोणपाटावर वाळत टाकायचा. पहिल्या दिवशी त्यांनी नुसत्या धुतल्या. दुसऱ्या दिवशी निळ्या निळ्यांत टाकल्या आणि पांढऱ्या पांढऱ्यांत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की पांढरे सगळे सारखे नाहीत. काही दुधासारखे, काही ताकासारखे, काही नुसते चुन्यासारखे मुर्दाड. दुधासारख्यांवर ऊन पडलं की आत कुणी दिवा लावल्यासारखं वाटायचं. काकूंनी ते वेगळे काढले. का काढले, हे त्यांना सांगता आलं नसतं.

तिकडे बस्तीत नाथाजीचा पहिला हत्ती झाला होता. नाथाजीच्या हाताला सफाई होती, ओळंबा लावून भिंत रेघेत उभी करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण चित्र त्याच्या बापजाद्यांनी कधी काढलं नव्हतं. हत्ती म्हशीसारखा झाला. लोक आधी हसले, मग अण्णा चिडले. नाथाजीने ओल्या चुन्यातून सगळ्या कपच्या उचकटल्या आणि तोंड पाडून आणखी कपच्या न्यायला परसात आला. बघतो तर काय, काकूंनी परातीत ओली वाळू थापली होती आणि त्या वाळूत पांढरा हत्ती उभा होता. सोंड उचललेली, एक पाय जरा पुढे टाकलेला. आत्ता चालेल की मग चालेल, असा.

"काकू, ह्यो कुणी केला वो?"

काकू दचकल्या. चोरी पकडल्यासारखा त्यांनी परातीवर पदर ओढला. "न्हाई... आपलं उगंच. मोडते मी."

"मोडताय कशाला? आवं, मला ह्यो जलमात जमायचा न्हाई!"

नाथाजी भला माणूस. त्याने युक्ती सुचवली. वाळूतल्या चित्रावर खळ लावलेलं फडकं चिकटवायचं, वाळलं की अख्खं चित्र फडक्यासकट उचलायचं, भिंतीवरच्या ओल्या चुन्यात दाबायचं, आणि चुना धरला की फडकं भिजवून सोडवून घ्यायचं. चित्र काकूंचं, भिंत नाथाजीची. फडकी म्हणून काकूंनी आपलं जुनं लुगडं फाडलं.

भूपालअण्णांना हे सांगावंच लागलं. ते बराच वेळ मिशीशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "करा, वैनी. धर्माचं काम हाय. पर परसातच. भिंतीच्या कामाकडं फिरकायचं न्हाई, आनि गावात ह्याची वाच्यता नको. पाटलाच्या घरची विधवा गवंड्याच्या हाताखाली राबती, असं कुणी म्हणाय नको. काम नाथाजीचं, एवढंच लोकांस्नी ठावं आसूद्या."

काकू "बरं" म्हणाल्या. त्यांना नावाची काय पडली होती? परस मिळालं होतं, तेवढं पुष्कळ होतं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्या आयुष्यात पहिल्यांदा सकाळ व्हायची वाट बघायला लागल्या. निजताना डोळ्यांपुढे तुकडे यायचे. बैलाच्या वशिंडाला कुठला वाक द्यायचा, माशाच्या खवल्यांना हिरवा घ्यावा की निळा, याचा विचार करताना जपाची माळ हातात तशीच राहून जायची आणि मागाहून त्यांना लाज वाटायची. पकडीने तुकडा कातरताना बोटं कापायची. गुणमाला हळदीची पूड आणून द्यायची आणि म्हणायची, "आक्का, ह्या वयात ही कसली हौस गं?" काकू हसायच्या. त्या हसतात हे घरातल्या पोराटोरांना तेव्हा पहिल्यांदाच कळलं.

उत्तमातलं उत्तम देवाला, हा त्यांचा हिशेब सरळ होता. म्हणून दुधासारखे तुकडे त्यांनी नेमक्या जागी वापरले. हत्तीला, बैलाला, चंद्राला, कलशांना, सिंहासनाला, मोगऱ्याच्या माळांना, लक्ष्मीला. सकाळी दर्शनाला गेल्या की भिंतीपुढे त्या क्षणभर थबकायच्या. बाजूच्या बायका म्हणायच्या, "काय हात हाय नाथाजीचा!" काकू मान डोलावून पुढे जायच्या.

चैत्रात, शेवटच्या दोन स्वप्नांचं काम चालू असताना, हवालदार लालासाहेब तिसरं पोतं घेऊन स्वतःच आले. परसातल्या पायरीवर टेकले, तांब्याभर पाणी प्याले आणि नाथाजीशी गप्पा मारायला लागले. काकू दाराआड खळ ढवळत होत्या.

"मंडपात बघून आलो गड्या तुजा हत्ती," हवालदार म्हणाले. "नंबरी माल वापरलास. पारख हाय तुला."

"कसली पारख?"

"मायला, ठावं न्हाई व्हय? ही बघ." त्यांनी पोत्यातला एक दुधाळ तुकडा काढला आणि उन्हाकडे धरला. "मागं बोट धर. दिसतंय बोट? आरपार उजेड येतोय. साध्या चिनी मातीत येत न्हाई. ह्यात हाडं आसत्यात. जनावरांची हाडं जाळून राख करायची आनि निम्मी राख, निम्मी माती. तवा ही झळाळी येती. आमचा मेसचा साहेब वाडगा हातात घिऊन सांगायचा."

खळीतली पळी तशीच राहिली. नाथाजीने दाराकडे बघितलं. हवालदारांना जैनांच्या घरात आपण काय बोललो याची गंधवार्ताही नव्हती. ते आपले तंबाखू मळत बसले आणि वेळ झाल्यावर रामराम करून गेले.

काकू बाहेर आल्या. गोणपाटावरचे तुकडे एकेक करून त्यांनी उन्हाकडे धरले. मागे बोट. दिसलं. दुसरा धरला. दिसलं. कांदा-बटाटा तोंडात न घातलेली, पाण्यातली किडामुंगी मरू नये म्हणून घोट घोट गाळून प्यायलेली ती बाई, स्वतःच्या बोटाची सावली बघत उन्हात उभी होती. मुठी मुठीने हाडं तिने देवाच्या दारात लावली होती, आणि तीही निवडून, कौतुकाने.

"काकू," नाथाजी दबक्या आवाजात म्हणाला, "हवालदार बोलला ते तुमी ऐकलं न्हाई आनि म्याबी न्हाई. भिंतीत गेलेला तुकडा काय उन्हाकडं धरता येतोय व्हय? कुणाला कळणार हाय?"

"मला कळलंय की रं," काकू म्हणाल्या.

पुढचे आठ दिवस त्यांनी एकभुक्त राहून काढले, मग एकाआड एक उपास धरले. गावात बोलबाला झाला की काकूंनी भिंत निर्विघ्न पार पडावी म्हणून व्रत धरलंय. बायका पाया पडायला यायच्या. जेवढ्या बायका पाया पडायच्या, तेवढ्या काकू आणखी आत आत आक्रसायच्या. बोललं तर भिंत फुटणार. आणि त्या भिंतीवाचून आता त्यांना करमणार नव्हतं, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं होतं. गप्प बसलं तर रोज सकाळी सगळं गाव हाडांपुढे हात जोडणार, आणि त्यात त्याही असणार. त्यांना रडू यायचं ते पापाचं की भिंतीच्या मायेचं, हे त्यांचं त्यांनाच उमगत नव्हतं.

शेवटी त्यांनी भूपालअण्णांना सांगितलं. सगळं, एका दमात.

अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. तीन गावांना आमंत्रणं गेलेली. मोठे विद्वान ब्रह्मचारीजी येणार होते. अण्णा माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. आणि भित्र्या माणसाच्या हाती सत्ता असली की तो वाईटासारखाच वागतो.

"राख म्हंजे राख," ते म्हणाले. "राखंत जीव कुठला? आनि तीनदा धुतलंय की आपण."

"भावजी, हाडाच्या मुठीचा चाकू तुमी उंबऱ्याच्या आत येऊ देत न्हाई. मग देवापुढं कसं चालंल? सात चितरं काढाय पायजेत."

"कुणाच्या सांगण्यावरनं काढू? तुमच्या? गाव इचारंल, बाईला ह्यातलं काय कळतंय? मग काय सांगू, की तिनंच केलीत? सहा म्हैनं लोकांस्नी नाथाजीचं नाव सांगितलंय मी." त्यांनी आवाज खाली आणला. "वैनी, तुमी ती केलीच न्हाईत. तवा मोडा म्हणायचा हक्क तुमाला कुठनं आला?"

ज्या अटीवर त्यांना परस मिळालं होतं, त्याच अटीने आता त्यांचं तोंड शिवलं होतं. दुसऱ्या दिवशी पोती परसातून हलली. चित्रं तोवर सोळाही झाली होती; चुन्यात बसवायचं उरलेलं काम नाथाजी बस्तीतच उरकेल, असं अण्णांनी फर्मावलं, आणि परसाच्या दाराला कडी लागली. उपासाने वैनींना अशक्तपणा आलाय, अक्षय्य तृतीयेला त्यांनी घरीच पडून राहावं, तेवढं बघा, असं गुणमालेला बजावून अण्णा कामाला लागले.

अक्षय्य तृतीयेची सकाळ उजाडली. बस्तीतून घंटेचा आवाज येत होता, दारातल्या चरकावर ऊस पिळला जात होता. गुणमाला नवं लुगडं नेसून निघाली आणि काकूंच्या खोलीच्या दाराशी घुटमळली. बाहेरून कडी घालायची, असं नवऱ्याने सांगितलं होतं.

"आक्का, खरंच हाडं हायत त्यात?"

"हायत."

"म्हंजे मी आता जाऊन हात जोडायचं ते..."

गुणमाला एक पाऊल मागे सरली. मग कडीला हात न लावता निघून गेली.

काकू पोचल्या तेव्हा मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. बायकांच्या मागे, खांबाशी त्या उभ्या राहिल्या. ब्रह्मचारीजी भिंतीसमोर उभे होते. हत्तीवरून त्यांची नजर हलत नव्हती. "मी पुष्कळ देवळं बघितली," ते म्हणाले. "असा जिवंत हत्ती कुठं बघितला नाही. कारागीर कोण? बोलवा त्याला."

अण्णांनी नाथाजीला पुढे ढकललं. त्याच्या डोक्याला फेटा बांधला गेला, हातात नारळ आला. नाथाजीने वर बघितलंच नाही.

"त्यो हत्ती मी केलाय," मागून आवाज आला.

सगळ्या माना वळल्या. पाटलांच्या घरातल्या या बाईचा आवाज पुरुषांपैकी कित्येकांनी आजवर ऐकलाच नव्हता.

"सोळाबी मीच केलीत. परसात बसून. आनि त्यातल्या सातांत जनावरांची हाडं हायत. मला ठावं नव्हतं तवा घातली. आता ठावं हाय."

एकच गलका झाला. अण्णा धावत पुढे आले, "उपासानं डोकं फिरलंय त्यांचं, घरी न्या कुणीतरी," म्हणायला लागले. काकू खांबाला धरून उभ्या राहिल्या. तेवढ्यात नाथाजीने नारळ खाली ठेवला. फेटा उतरवून नारळाशेजारी ठेवला. "काकू बोलत्यात ते खरं हाय," तो म्हणाला. "मी नुसता चुना लावलाय."

मग उरलेल्या पोत्यातले तुकडे अंगणात आणले गेले. ब्रह्मचारीजींनी स्वतः एक तुकडा उन्हाकडे धरला आणि काकूंनी सांगितलं तसं मागे बोट धरलं. बोट दिसलं. उपाध्यांचा चेहरा तर पांढराफटक पडला होता. अखेर तेच म्हणाले, "सगळी भिंतच फोडा. आता कुठला तुकडा हाडाचा नि कुठला मातीचा, कोण सांगणार? चुन्यात बसल्यावर सगळे सारखेच."

"मी सांगते," काकू म्हणाल्या.

गर्दी बाजूला झाली. सहा महिने ज्या भिंतीला हात लावायला त्यांना बंदी होती, तिच्याजवळ त्या पहिल्यांदा जाऊन उभ्या राहिल्या. हात लांब केला तर लागेल, इतक्या जवळ. नाथाजी छिन्नी-हातोडा घेऊन शेजारी आला. काकूंनी हत्तीच्या सोंडेच्या टोकावर बोट ठेवलं. "हा." तुकडा खाली पडला. "हा. ह्यो शेजारचा न्हाई, त्यो चौकटीचा, कुठल्यातरी किटलीचा हाय, साधा. हा. हा." प्रत्येक तुकडा त्यांना ओळखीचा होता. कुठला बशीच्या काठाचा, कुठला कानाजवळचा, कुठला कातरताना बोट कापलं होतं, सगळं त्या बोलत होत्या, आणि बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्या थांबत नव्हत्या. लोक सकाळपासून फक्त भिंत बघत आले होते. आता ते काकूंकडे बघत होते. उसाचा रस तसाच राहिला. आपल्या हातांनी केलेलं हे आपणच केलंय, हे गावाला पटवायला काकूंना ते तुकड्या-तुकड्याने मोडावं लागलं.

दुपार टळेपर्यंत हत्ती गेला. पाठ गेली, पाय गेले, उचललेली सोंड गेली. चुन्यात नुसते ओरखडे राहिले आणि मधोमध एक तपकिरी डोळा.

नाथाजीने छिन्नी टेकवली. "डोळा?"

"डोळा ऱ्हाऊ दे. आमच्या घरच्या लोणच्याच्या बरणीचा हाय त्यो. मातीचा."

"आता नुसता डोळा ठिऊन काय करायचं, वैनी?" भूपालअण्णा थकून म्हणाले. दिवसभरात ते पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलले. "काढा त्योबी. चुना फिरवून टाकू."

काकूंनी भिंतीवरून हात काढला नाही. "त्यो शुद्ध हाय, भावजी. शुद्ध वस्तू देवळातनं काढा, असं कुठल्या शास्त्रात लिवलंय ते उपाध्यांनी सांगावं, मग काढते."

उपाध्ये जमिनीकडे बघत राहिले. नाथाजी छिन्नी घेऊन बैलाकडे वळला.

ते काम आणखी दोन दिवस चाललं, आणि दोन्ही दिवस काकूंना बोलवायला घरी माणूस आलं. तिसऱ्या दिवशी सात रिकाम्या चौकटींवर चुना फिरला, डोळ्याच्या भोवतीनेही फिरला, आणि परसाची कडी तशीच राहिली. त्यानंतर काकूंच्या हाती कुणी पकड दिली नाही. सकाळी बस्तीत जायचं, खाली मान घालून परत यायचं, हे पूर्वीसारखं सुरू झालं. फक्त येताना त्या हत्तीच्या चौकटीतल्या डोळ्यापुढे बराच वेळ उभ्या राहायच्या, आणि मागच्या बायका त्यांचं होईस्तोवर मुकाट थांबायच्या.